आतली कडी

परक्या घरी मुलगी द्यायची असली की आपल्याकडचा बाप आधी त्या गावच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसतो. मुलाच्या घरी तो मागाहून जातो. कोणाची सून दळण डोक्यावर आणते, कोणाच्या घरचे भांडण रस्त्यापर्यंत येते, कोणाचा मुलगा आईला काय म्हणून हाक मारतो, हे सारे गिरणीत पिठाबरोबर उडत असते, आणि शहाणा बाप ते खांद्यावरच्या दुपट्ट्यावर झेलून घरी येतो. मग पानठेला, मग शेजारी, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष घर: चूल कुठे, न्हाणी कुठे, गोठ्यातल्या जनावराच्या फासळ्या मोजता येतात की काय. या पाहणीला कोणी संशय म्हणत नाही. ती रीत आहे. पण तोच बाप सख्ख्या बहिणीच्या मुलाला मुलगी देतो तेव्हा मात्र ही रीत आपसूक बाजूला पडते. भाच्याची चौकशी म्हणजे बहिणीचीच चौकशी, आणि बहिणीची चौकशी करणारा भाऊ चार लोकांत कोणत्या तोंडाने बसणार?

फुलसावंगीजवळच्या एका खेड्यातील धर्मपाल खंदारे यांनी ही चूक केली. ते विचार न करणारे गृहस्थ होते असे मात्र कोणी समजू नये. बियाण्याची हळदसुद्धा ते कंद मोडून, वास घेऊन, मगच पदरात पाडून घेत.

भाचा विक्की संक्रांतीनंतर आला. हळदीचा पाला कापून पडला होता, जमीन दिवसेंदिवस टणक होत चालली होती आणि काढणीला माणूस मिळत नव्हते, कारण निम्मे गाव ऊसतोडीला गेले होते. बोरी अरबहून धर्मपालच्या विधवा बहिणीचा, वच्छलाबाईचा, फोन आला: "दादा, पोट्ट्याले तुह्याकडे पाठवून राह्यली. कामाले हात व्हतीन. अन् दीपाचं आपलं बोलनं झालं होतं ते बी पाहून घे." बोलणे झाले होते हे खरे. धर्मपालची मुलगी दीपमाला पाळण्यात असताना वच्छलाने तिच्या पायात वाळे घालून 'ही माझी' म्हटले होते, आणि भावाबहिणीत एवढे बोलणे पुरते.

मोटरसायकलवरून उतरला तो सव्वीस वर्षांचा देखणा, नीटस तरुण. त्याने मामाच्या पायांना हात लावला, मामीच्या हातातली घागर घेतली आणि तासाभरात कुदळ घेऊन वावरात उभा राहिला. दुपारी धर्मपाल कमरेला हात लावून उठू लागले तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही सावलीत बसा. माह्या मायच्या भावाचे हाडं हायेत हे, बाजारात भेटत नाईत." काढणीला आलेल्या बाया हसल्या. धर्मपालच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा नसलेल्या माणसाला असे वाक्य कुठे लागते, हे त्या तरुणाला पहिल्याच दिवशी कसे कळले, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नाही.

त्याला प्रत्येकाचे असेच कळे. मामीचे, इंदूबाईंचे, गुडघे दुखत, तर तो बाजारातून तेल घेऊन येई. जमनी ही शेजारच्या तांड्यावरच्या शंकरसिंगची बायको. जिभेची तिखट, पण तीही त्याच्या स्तुतीला भुलली. दीपमालाला चिडवण्याचे काम तिने अंगावरच घेतले.

"काय वो दीपा, आताशा तुह्या भाकरी भल्ल्या गोल होऊन राह्यल्या. पाहुना मोजते का काय?"

"मावशी, तुह्या तोंडाले पाल्याचं मुस्कं बांधू का?"

"बांध बाप्पा. मुस्कं बांधलं तरी डोये त हायेत माहे."

दीपमाला हसली, पण विक्कीकडे न पाहता. ती उमरखेडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, कमी बोलणारी मुलगी होती, आणि बापाने ते न पाहणे लाज म्हणून धरले.

पहिले गालबोट फार क्षुल्लक होते. एका मंगळवारी विक्की दिवसभर नव्हता. त्याने मामीला सांगितले की आपण उमरखेडला बैलबाजार पाहून आलो. कोणत्या जोडीला काय मागणी होती तेही सांगितले. मामाला त्याने सांगितले की फुलसावंगीत मित्राची आई आजारी होती, तिला दवाखान्यात नेले. दोन्ही हकिकती इतक्या भरगच्च होत्या की खरी कोणती हे ठरवणे अवघड जावे. रात्री ताटावर इंदूबाईंनी दोन्ही एकत्र मांडल्या.

"मंग कुठं गेलता रे बाबू तू?"

विक्की हसला. घास न थांबवता म्हणाला, "मामी, ज्याले जे आयकाचं असते ते मी सांगतो. घरात सगळे खूश राह्यले पाह्यजे."

धर्मपालही हसले. अंथरुणावर पडताना इंदूबाई मात्र म्हणाल्या, "खोटं बोलला याचं काई नाई वो. खोटं समदेच बोलतेत. पन पकडल्यावर मानूस लाजते. हा लाजला नाई."

"पोट्टा हाय. मस्करी केली."

"आपल्या पोटासाठी खोटं बोलला असता त मले समजलं असतं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

आता सावडीची गोष्ट. धर्मपालकडे एक बैल होता, कोसा. शंकरसिंगकडे एक, बांडा. दोघे मिळून जोडी होई, आणि ती आज याच्या वावरात तर उद्या त्याच्या. ही सावड या दोघांच्या बापांपासून चालत आली होती. मधला नाला ओलांडून ट्रॅक्टर वावरात येत नसल्यामुळे हळद गावाकडच्या खळ्यावर न्यायला बैलगाडीच लागे. त्या दिवशी गाडी हळदीने भरली होती. नाल्याच्या चढावर शंकरसिंग आडवा आला. त्याने गाडीच्या मागच्या चाकांना दगड लावले, जू उचलले, बांड्याची जुपणी सोडली आणि त्याला बाजूला घेतला. गाडीची धुरी एका अंगाने खाली टेकली. कोसा एकटाच, जू मानेवर वाकडे घेऊन उभा राहिला.

"शंकर, हे काय करून राह्यला?"

"सावड सुटली, धरमभाऊ."

"भरल्या गाडीवर?"

"भरल्या गाडीवर." शंकरसिंगने बांड्याची शेपटी उचलून धरली. खाली मऊ कातडीवर टोचल्याची भोके होती; काही सुकलेली, काही ओली. "म्या काल आपल्या डोयानं पाह्यलं. तुहा भाचा खिळ्याची तुतारी घेऊन गोठ्यात. बैल खुट्याले बांधून. एकदा टोचे अन् पाहे. पुन्हा टोचे अन् पाहे. जुतलेल्या बैलाले टोचते तो गाडीवान. बांधलेल्या बैलाले टोचते तो कोन, तूच सांग."

फुलसावंगीचा रस्ता जवळच होता. दोघे-तिघे सायकली थांबवून पाहू लागले. खांद्यावर पोते घेतलेला विक्की चढ चढून आला, त्याने पोते खाली ठेवले, आणि क्षणात तो डोळे पुसू लागला. "मामा, म्या या जनावराले हळद लावून राह्यलो होतो. जखमा आधीच्याच होत्या. हे काका मले पह्यल्या दिवसापासून..." तो थांबला. "जाऊ द्या. तुम्हाले वाईट वाटंन."

"बोल."

"तांड्यावर बसून म्हंतेत, यायले बापजाद्यांनी काय देलं, आमचा बैल नसता त यायची जमीन पडीक राह्यली असती. आनखी बी म्हंतेत. आपल्या जातीवरून. ते मी तोंडानं नाई काढत."

शंकरसिंग धर्मपालकडे पाहत होता. विक्कीकडे त्याने मान वळवली नाही. तो काय पाहत होता हे धर्मपालना पुढे पुष्कळदा आठवले. आपण ते तोंडाने नाकारावे याची तो वाट पाहत नव्हता. आपण भाच्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो की नाही, एवढेच पाहत होता. आणि धर्मपाल म्हणाले, "घेऊन जाय तुहा बैल."

पुढचे अंतर त्यांनी आणि विक्कीने हळदीची पोती डोक्यावर वाहिली. वाटेत भेटेल तो विचारी, "काहून बाप्पा, जोडी कुठं गेली?" प्रत्येक वेळी उत्तर विक्की देई, आणि प्रत्येक उत्तरात शंकरसिंग थोडा अधिक वाईट होई. जमनी कामाला यायची थांबली. दीपमाला-विक्कीचे साक्षगंध हळद वाळवून विकली की करायचे, असे त्याच आठवड्यात ठरले. धर्मपालनी ते घाईघाईने ठरवले, जणू एक नाते तुटल्याची भरपाई दुसऱ्याने होणार होती.

मग खळ्यावर बॉयलर आला. त्याच्या पोटाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या जाळायच्या, वाफ नळीवाटे हळदीने भरलेल्या ड्रममध्ये सोडायची, कंदात काडी टोचून शिजला की नाही ते पाहायचे, वाफेचा कॉक बंद करायचा आणि मगच ड्रमचे झाकण काढायचे. या क्रमात कुठेही घाई चालत नाही. भाड्याने बॉयलर आणणारा माणूस जेवायला गेला तेव्हा कॉकवर विक्की होता आणि ड्रमजवळ दीपमाला. धर्मपाल पलीकडे अंथरलेल्या फारीवर शिजलेली हळद पसरीत होते. त्यांनी मुलीचा प्रश्न स्पष्ट ऐकला.

"कॉक बंद केला का?"

"केला. उघड."

झाकण सरकले आणि पांढरा झोत तिच्या उजव्या हातावर बसला. ती ओरडली नाही; तिच्या तोंडून फक्त श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि ती जमिनीवर बसली. इंदूबाई भांडे टाकून धावल्या. बाया धावल्या. धर्मपालही धावले, पण धावताना त्यांची नजर विक्कीकडे गेली, आणि जे दिसले त्याने त्यांचे पाय एक क्षण अडखळले.

विक्की जागचा हलला नव्हता. त्याचा हात कॉकवर होता. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता, आनंदही नव्हता. काडी टोचलेल्या कंदाकडे, शिजला की नाही हे पाहण्यासाठी माणूस जितक्या शांत उत्सुकतेने पाहतो, तितक्याच शांतपणे तो दीपमालाच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याच्या लक्षात आले की मामा आपल्याकडे पाहत आहेत. तेव्हा त्याचा चेहरा आला. 'आला' हाच शब्द धर्मपालच्या मनात उमटला. जसा आतल्या खोलीतून कोणी बाहेर यावा. डोळे विस्फारले, ओठ थरथरले, आणि तो सर्वांत मोठ्याने रडू लागला. त्यानेच तिला मोटरसायकलवर मामीसह फुलसावंगीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरसमोर त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतले. गावात त्याचे नाव झाले: होणाऱ्या बायकोसाठी असा रडणारा पोरगा कोणी पाहिला नव्हता.

हाताला पट्टी बांधून दीपमाला घरी आली. विक्की औषध आणायला गेला होता. ती म्हणाली, "बाबा, मी इचारलं होतं त्याले."

"धूर होता, माय. त्याले वाटलं असंन बंद झाला."

"मी इचारलं होतं," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही बी आयकलं होतं."

धर्मपाल उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. इथे कोणी म्हणेल, की बापाने त्याच घटकेला भाच्याला हाकलायला हवे होते. म्हणणे सोपे आहे. परंतु जो माणूस आपल्या आईच्या पोटातून आलेल्या बहिणीच्या पोटातून आला आहे, त्याच्या चेहऱ्यावर आपण क्षणभर काही पाहिले नाही, एवढ्या पुराव्यावर घर मोडायचे कसे? पुरावा नसल्याची सबब माणसाला फार उबदार वाटते. धर्मपाल त्या उबेत आठवडाभर झोपले. त्या आठवड्यात विक्की रोज स्वतःच्या हाताने दीपमालाची पट्टी बदलायला पुढे येई, ती हात मागे घेई, आणि तो हसून म्हणे, "लाजते."

शेवटी इंदूबाईच बोलल्या. भाजलेल्या हाताची मुलगी पाटावर बसली होती आणि त्या तिची वेणी घालत होत्या.

"अवो, दीपाचे बाबा. दिग्रसचं स्थळ आलतं तवा तुम्ही किती ठिकानी इचारलं होतं?"

"ते परके होते."

"हो ना. परक्याले पोरगी देताना गावभर इचाराचं, अन् घरच्याले देताना डोये झाकाचे. म्हंजे घरच्यानं पोरीले मारलं त चालते का?"

"वच्छली काय म्हनंन?"

"वच्छलाबाई काय म्हनंन ते सोडा. वच्छलाबाई काय नाई म्हनत ते आठवा. इतक्यांदा फोन आला. दर खेपेले इचारते, दीपा कशी हाय. आपल्या पोराची एकदा बी इचारपूस केली का तिनं? 'धाडून दे' म्हनली का? कोनत्या मायले पोराची आठवन येत नाई?"

दुसऱ्या दिवशी धर्मपालनी उमरखेडला हळदीचा भाव पाहून येतो असे सर्वांदेखत सांगितले आणि पुसदची गाडी धरली. दिग्रस, दारव्हा, बोरी अरब. मांडीवर बहिणीसाठी हळदीचे गाठोडे होते. आयुष्यात प्रथमच ते बहिणीच्या गावी पाहुणा म्हणून न जाता मुलीचा बाप म्हणून जात होते, आणि त्याची त्यांना चोरासारखी लाज वाटत होती.

तरी रीतीप्रमाणे ते आधी गिरणीवर गेले. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला, बसायला गोणपाट दिले. "पाहुने कोन्या गावचे?"

"फुलसावंगीकडचा. वच्छलाबाईच्या विक्कीबद्दल जरा..."

"पोरगी दाखवाची हाय?"

"माहीच पोरगी हाय. मी मामा त्याचा."

त्या माणसाच्या तोंडावरचे बोलणे जागीच थिजले. त्याने पिठाचे हात झटकले. "मामा हाय म्हन्ता, मंग आम्हाले कायले इचारता, भाऊ? घरचंच हाय तुमचं." आणि त्याने पट्टा चालू केला. ज्या कारणासाठी धर्मपालनी कधी विचारले नव्हते, त्याच कारणासाठी आता कोणी सांगत नव्हते.

वच्छलाबाई अंगणात सोलून ठेवलेल्या तुरीच्या शेंगांची टरफले गोळा करत होती. भावाला अचानक पाहून तिचा पहिला प्रश्न होता, "दीपाले काई झालं का?" धर्मपालनी मान हलवली, हो की नाही, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही. ती चहा ठेवायला लागली. ती पूर्वीपेक्षा भरली होती, डोळ्यांखालचे काळे गेले होते. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात भेटली तेव्हा ती उभ्याउभ्या डुलक्या घेत होती.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली विक्कीची खाट. मागच्या खोलीत चूल, गॅस, वच्छलाचे अंथरूण. गाठोडे ठेवायला धर्मपाल आत गेले आणि दार मागे लोटले गेले, तेव्हा त्याची आतली बाजू त्यांच्यासमोर आली.

दाराला आतून कडी होती. जाड लोखंडी, गोठ्याला लावतात तशी. तिच्या खाली लाकडात आणखी चार भोके होती, उचकटलेली. तिथे पूर्वी एक हलकी कडी असावी आणि ती बाहेरून कोणाच्या तरी धक्क्याने निघाली असावी. ज्या घरात आई आणि मुलगा एवढी दोनच माणसे राहत होती, त्या घरात आईच्या दाराला आतून कडी.

धर्मपाल तिच्यासमोर उभेच राहिले. मुलीसाठी घर पाहायला ते एकदा, फक्त एकदा आले असते, तर न्हाणी, चूल, खुंटी पाहताना हे दार त्यांनी पाहिलेच असते.

"वच्छे, हे कोनासाठी?"

तिने चहाचे भांडे उतरवले. पुष्कळ वेळ ती फडक्याने भांड्याची कड पुसत राहिली.

"मारत नाई तो," ती म्हणाली. "मारलं असतं त मी पोलिसात गेली असती. एका रात्री जाग आली त उशापाशी उभा. हातात काई नाई. म्हन्लं, काय रे बाबू? म्हने, झोपेत तुहं तोंड कसं दिसते ते पाहून राह्यलो. मंग ते रोजचंच झालं. कडी लावली त तिले लात मारून काढली, अन् सकाई माह्यासाठी जिलेबी घेऊन आला."

"आनखी?"

"कोंबडीचे पिल्लं होते. जाऊ दे ते." तिने शेगडीकडे पाहिले. "एक खेप गॅसचा कॉक उघडा ठेवला अन् भायेर वट्यावर जाऊन बसला. मले वास आला म्हून मी काडी नाई ओढली. भायेर येऊन पाह्यलं त दाराकडे तोंड करून बसला होता. वाट पाहून राह्यला होता, दादा. मी ओढते का नाई ते."

धर्मपाल भिंतीला टेकून खाली बसले. खळ्यावरचा पांढरा झोत त्यांना दिसला, आणि त्या झोताच्या पलीकडचा, अजून चेहरा न आलेला तो चेहरा.

"दीपाचा हात भाजला," ते म्हणाले. "वाफेनं. कॉकवर तो होता."

वच्छलाबाईने पदर तोंडात धरला. तिचे रडे खरे होते; इतक्या दिवसांनी धर्मपालना खरे रडे आणि दुसरे रडे यांतला फरक दिसत होता, आणि तो दिसण्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"तुले माहीत होतं."

"लोक म्हंतेत, लग्नानं सुधरते मानूस."

"तुले माहीत होतं, वच्छे. तुह्या पायाले काटा टोचला त मी तोंडानं काढला. अन् तुले माही पोरगी दिसली नाई?"

"मले झोप दिसली, दादा. तो तुह्याकडे गेला त्या दिवसापासून मी कडी न लावता झोपून राह्यली."

तो पोरगा जसा होता तसा होता. साप चावला म्हणून कोणी सापाला दगाबाज म्हणत नाही. पण वच्छला त्यांच्याच ताटात जेवून मोठी झालेली, शहाणी, कळवळणारी बाई होती, आणि तिने सर्व जाणून आपली रात्र त्यांच्या मुलीच्या रात्रीशी बदलून घेतली होती. चहा तसाच राहिला. निघताना ती अंगणापर्यंत आली. तिला विचारायचे होते की तो आता परत येणार का. तिने विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

पुसदला गाडी बदलताना त्यांनी लोखंडाच्या दुकानातून एक कडी घेतली.

फुलसावंगीच्या थांब्यावर उतरले तेव्हा ऊन कलले होते. विक्की मोटरसायकलला टेकून उभा होता, हसत. "मामा, उमरखेडची गाडी त मघाच येऊन गेली. तुम्ही पुसदच्या गाडीतून उतरले." मग अतिशय मायेने, "आई बरी हाय ना?"

धर्मपाल गाडीवर बसले नाहीत. ते चालू लागले. विक्की गाडी हळूहळू बाजूने चालवू लागला. लिंबाच्या वळणावर धर्मपाल थांबले.

"तुही पिशवी घे अन् आजच्या आज जाय. साक्षगंध होनार नाई."

विक्कीच्या डोळ्यांत पाणी आले. "मामा, बाप नाई मले. तुम्हीच..." धर्मपाल पाहत राहिले. पाणी थांबले, आणि त्याच्या जागी एक लाघवी हसू आले. "मामीनं भरलं ना तुमच्या कानात? बायाचं काय आयकता." धर्मपाल पाहतच राहिले. मग हसूही गेले आणि खाली काहीच उरले नाही. ऊन पडलेली एक भिंत. त्या रिकाम्या चेहऱ्यानेच तो म्हणाला, "बरं, मामा. कोसा चांगला बैल हाय. जपा त्याले."

तो घरून पिशवी घेऊन गेला त्याचा फटफटाट धर्मपालनी वावरातून ऐकला. त्यांनी कोशाला सोडले आणि ओढत नाला ओलांडून तांड्यावर नेले. शंकरसिंग दारात दोर वळत बसला होता. त्याने बैलाकडे पाहिले, माणसाकडे पाहिले.

"काई दिवस तुह्या गोठ्यात बांधू देतो का याले?" धर्मपाल म्हणाले. "शंकर, तू सांगतलं होतं ते..."

"राहू दे." शंकरसिंग दोर वळत राहिला. "बांधून जाय. बांडा बी एकटा नीट खात नाई आताशा." त्याने 'बस' म्हटले नाही. आतून जमनीने पाणीही आणले नाही. बैलापुरती सावड जुळली होती. माणसांची जुळेल की नाही, हे त्याच्या हातातल्या दोरावरून कळत नव्हते.

घरी इंदूबाईंनी विक्कीची खाट उभी करून ठेवली होती. धर्मपालनी पिशवीतून कडी काढली, हातोडी शोधली आणि मुलीच्या खोलीच्या दाराशी उकिडवे बसले. दीपमाला आत उंबऱ्याशी उभी होती. त्यांनी हातोडी जमिनीवर ठेवली आणि सगळे सांगितले: उशापाशी उभे राहणे, गॅस, वाट पाहणे, आत्याच्या दाराची कडी आणि तिच्या खालची चार भोके. काहीही झाकले नाही. सांगताना त्यांना वाटत होते की आपण मुलीसाठी फार दूर जाऊन आलो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग पट्टी बांधलेला हात पुढे केला, बापाला दिसेल एवढा.

"आत्याची कडी पाहाले बोरी अरबले जावं लागलं तुम्हाले, बाबा," ती म्हणाली. "माहा हात त इथंच होता."

धर्मपालनी खाली मान घातली. 'तुले माही पोरगी दिसली नाई?' असे त्यांनी बहिणीला विचारले होते; तोच प्रश्न हा होता, आणि त्याचे उत्तरही तेच होते.

कडी दारावर ठेवून एका हाताने खिळा धरता येईना. ती दर ठोक्याला सरकत होती. तिसऱ्यांदा सरकली तेव्हा दीपमाला खाली बसली. तिने डाव्या हाताने कडी लाकडावर दाबून धरली आणि बापाकडे न पाहता म्हणाली, "ठोका."

तिकडे बोरी अरबलाही एव्हाना कोणीतरी दार लावून घेत असेल.